आत्याचा नवा डोळा

आमच्या आत्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आत लेन्स बसवली आणि डॉक्टरांनी तिच्या हातात सूचनांचा एक कागद दिला. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, थेंब वेळच्या वेळी. आत्यानं तो कागद अगदी इमानेइतबारे पाळला. त्यात सिनेमाबद्दल एक अक्षरही नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी डाव्या डोळ्यानं वाचून ठेवलं होतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "झालं आजी. आता काय हवं ते बघा."

रिक्षात पाय ठेवता ठेवता आत्यानं विचारलं, "मग पिच्चरला कवा जायाचं?"

"अगं, घरी एवढा मोठा टीव्ही आहे."

"टीव्हीला जुना डोळा भागत हुता की. नव्याला एवढं पैसं घातलं ते काय टीव्ही बघायला?"

पैसे मी घातले होते. पण मुद्दा बिनतोड होता.

आत्या कोल्हापूरची. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळे आत्या फोनवर बोलायला लागली की आमच्या सोसायटीतल्या लोकांना घरी एखादे काका आले आहेत असं वाटतं. सिनेमाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला आली. ही घटना आत्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण ती अशी सांगते, की जणू शेजारणीनं पुरणयंत्र नेलं आणि परत केलं नाही. "आमची कंपनी उचलून आणलासा आणि आता तितं शाळा काढून बसलासा," असं ती मला दर भेटीत ऐकवते. शाळा म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट. त्या व्यवहारात माझा काहीही हात नव्हता, हे तिला पटत नाही.

शिवाय तिचा अनुभव दांडगा. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात. आत्यानंही काढल्या. नव्या होत्या. सिनेमा संपल्यावर ती अनवाणी घरी आली आणि वर देवीचाच कौल म्हणून शुक्रवार धरले. 'माहेरची साडी' तिनं १९९१ साली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाऊन पाहिला. ट्रॉलीतल्या सगळ्या बायका जातानाच रडत होत्या, म्हणजे तिथे गेल्यावर वेळ मोडायला नको. दादा कोंडक्यांचे सिनेमे बघायला घरातून बंदी होती, त्यामुळे ते तिनं एकूण एक बघितले आहेत.

अशा बाईला कुठला सिनेमा दाखवायचा? चिरंजीवांना उडणारी माणसं हवी होती. बायकोला काहीतरी कौटुंबिक, साधं, बघून झाल्यावर फोडणीच्या भाताची आठवण येईल असं. मला काहीच नको होतं, मला पार्किंग हवं होतं. आत्या म्हणाली, "खून असलेला बघू. एकदा कोण मेलं कळलं की मग पुढं ध्यान लागतंय." त्यामुळे खून ठरला. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्याचा शेवट सांगणार आहे.

तिकीट काढायला बसलो. अ‍ॅपवर थिएटरचा नकाशा उघडतो, रिकाम्या खुर्च्यांवर बोट ठेवायचं. चार खुर्च्या धरल्या की वर एक घड्याळ उलटं पळायला लागतं, अमुक मिनिटांत पैसे भरा नाहीतर खुर्च्या जातील. परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटची दहा मिनिटं राहिल्यावर पोटात जे व्हायचं ते होतं. त्यातच बायको मागून विचारते, "तिथे एसीचा झोत डोक्यावर येतो का बघ ना." नकाशात झोत दाखवलेला नसतो. "कडेची घे, आत्यांना उठायला बरं." कडेची घेतो. "पण मग सगळे आपल्या पायांवरून जाणार." मधली घेतो. ओटीपी येतो तो चिरंजीवांच्या फोनवर, चिरंजीव अंघोळीला. घड्याळ शून्यावर. खुर्च्या गेल्या. तिसऱ्या फेरीला शेवटून दुसऱ्या रांगेतल्या, पाय लांब करून झोपायच्या, सगळ्यात महागड्या तेवढ्या उरल्या होत्या.

वर कन्व्हिनियन्स फी. म्हणजे सोयीचे पैसे. खुर्ची मी शोधली, ओटीपी मी ओरडून मागवला, घरातली बोलणी मी खाल्ली. सोय त्यांची झाली, पैसे मी दिले. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिकीट होतं एक रुपया. त्या वेळी रुपया ही काही थोडकी रक्कम नव्हती. पण निदान सगळा रुपया बघण्याचा होता, रुपया देण्याचे वेगळे पैसे कुणी घेतले नव्हते.

आत्याला हे फीचं प्रकरण समजावून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे ब्लॅकच की?"

"नाही गं, हे कायदेशीर आहे."

"मग आमचा ब्लॅकवाला बरा. त्येच्याशी भांडता तरी येत हुतं."

हे खरं आहे. हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की तो पानटपरीच्या आडून ओठ न हलवता भाव पुटपुटत यायचा. तुम्ही पाठ फिरवली की भाव उतरायचा. जाहिराती सुरू झाल्याची घंटा ऐकू आली की आणखी उतरायचा. अ‍ॅपकडे पाठ फिरवली तर अ‍ॅपला कळतसुद्धा नाही.

रविवारी आम्ही मॉलमध्ये पोचलो. आत्यानं इरकल नेसली होती, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला तो काळा गॉगल आणि काखेत कापडी पिशवी. सिनेमा बघायला आलेल्यांपेक्षा ती सिनेमात काम करणाऱ्यांपैकी वाटत होती. गॉगलमुळे तिला सरकता जिना दिसला नाही आणि ती न घाबरता चढली. आम्ही तिघं तिला धरायला तयार होतो, त्या गडबडीत मीच पायरी चुकलो.

वर थिएटरच्या दाराशी सुरक्षारक्षक पिशव्या तपासत होता. इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला थिएटरवाला मनाई करू शकतो, पण प्यायचं पाणी त्यानं फुकट दिलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. हा निकाल मला पाठ आहे. त्यातला पाण्याचा भाग मी चारचौघांत म्हणून दाखवतो. पहिला भाग आत्याच्या पिशवीला लागू होता.

"आजी, डब्यात काय?"

"औषध."

रक्षकानं डबा हलवला. "औषध वाजतंय."

"गोळ्या हायत."

त्यानं झाकण उघडलं. लसूण, तळलेले शेंगदाणे, कढीपत्ता. मागच्या रांगेत सात-आठ जणांनी एकदम आवंढा गिळल्याचा आवाज आला. रक्षक डब्यात बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "भडंग. जयसिंगपूरचं?"

"घरचं. तू कुठला रं?"

"कागलचा."

"कागलात कुठं?"

यापुढचं संभाषण मी सगळं लिहीत नाही. मागे रांग वाढत होती, पिशव्या तपासायचं यंत्र दुसऱ्याच्या पर्सवर अडून राहिलं होतं, आणि आमची आत्या कागलातल्या गल्ल्या एकेक करून ओलांडत होती. मराठी माणसाला नातं सापडेपर्यंत चैन पडत नाही आणि सापडल्यावर नियम आठवत नाही. शेवटी असं निघालं, की रक्षकाची सख्खी मावशी आत्याच्या गल्लीत दिलेली आहे आणि आत्यानं तिच्या मुलीच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्या आहेत.

"म्हंजे तू माजा भाचाच की!"

भाच्यानं झाकण लावलं, डबा पिशवीच्या तळाशी सारला, वर डोळ्याचे थेंब ठेवले आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "तेवढं वाजवू नका आत."

माझ्या खिशात दोन खोकल्याच्या गोळ्या होत्या. त्या त्यानं काढून घेतल्या. माझं कागलात कुणी नाही.

फुकटचं पाणी शोधायला मला बारा मिनिटं लागली. ते स्वच्छतागृहाच्या बोळात, पुढच्या महिन्यात लागणाऱ्या सिनेमातल्या नायकाच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यामागे होतं. पेला नव्हता. सुप्रीम कोर्ट पेल्याबद्दल काही बोललेलं मला आठवेना, म्हणून ओंजळीनं प्यायलो. बाहेर आलो तर चिरंजीव पॉपकॉर्नच्या काउंटरवर. "सर, मीडियमपेक्षा लार्ज फक्त साठ रुपये जास्त," असं म्हणणाऱ्या मुलासमोर माणसाचं काय होतं, याचा कुणीतरी अभ्यास करावा. मला पॉपकॉर्न आवडत नाहीत. मी लार्ज घेऊन आलो. ती बादली बघून आत्या म्हणाली, "म्हशीला घालायचं हाय काय?" आणि किंमत ऐकून तिनं मक्याच्या पोत्याचा हिशेब मांडला. तो हिशेब आम्ही खुर्चीवर टेकेपर्यंत चालला होता.

या खुर्च्यांच्या बाजूला दोन बटणं असतात. एक दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात, दुसरं दाबलं की उलट. आत्यानं पहिलं दाबून धरलं. खुर्ची सावकाश मागे गेली. आत्या आडवी झाली, गॉगल काढला, छताकडे बघून म्हणाली, "अगदी आपरेशनच्या टेबलावानी हाय की रं." आणि त्याच क्षणी पडद्यावर तिरंगा आला.

महाराष्ट्रात थिएटरमध्ये राष्ट्रगीताची पद्धत २००३ पासून आहे. पुढे सुप्रीम कोर्टानं देशभर सक्ती केली, मग २०१८ मध्ये ती उठवली, पण आपल्याकडची सवय काही मोडलेली नाही. सगळं थिएटर उभं राहिलं. आत्या आडवी. राष्ट्रगीताला झोपून राहणं तिच्या रक्तात नाही. तिनं पाय झाडले, पण पाय हवेत होते. मी वाकून दुसरं बटण दाबलं. ती मोटर कंपनीनं अशी बनवलेली, की माणूस दचकू नये. त्यामुळे सगळे सावधान उभे असताना आमची आत्या छातीवर हात ठेवून, चेहऱ्यावर गंभीर भाव ठेवून, इंचाइंचानं वर येत होती. ध्वजारोहण पंधरा ऑगस्टला बघतो तसं. शेवटच्या 'जय हे'ला ती पूर्ण उभी राहिली. मागच्या रांगेत कॉलेजची पाच-सहा पोरं होती, त्यांच्यातलं एक पोर ओठ चावून लाल झालं होतं.

त्यानंतर तंबाखूचे दुष्परिणाम दाखवले. आत्यानं ते बघता बघता कनवटीची तपकिरीची डबी काढली, जरा विचार केला आणि परत ठेवली. सरकारी जाहिरातीचा परिणाम होताना मी प्रत्यक्ष पाहिलेलं हे एकमेव उदाहरण. पाच मिनिटं टिकलं.

सिनेमा सुरू झाला. एका उद्योगपतीचा त्याच्या फार्महाऊसवर खून होतो. दुसरी बायको, भागीदार, वकील आणि स्वयंपाकीण एवढे लोक त्या रात्री तिथे असतात. सिनेमा सुरू झाला असं मी म्हणालो, पण तो फक्त पडद्यावर सुरू झाला होता. रांगांमधून लोक अजून येतच होते. उशिरा येणाऱ्याला अंधारात काही दिसत नाही आणि त्याच्या पाठीमुळे आपल्याला काही दिसत नाही, अशी ती समानता असते. पूर्वी डोअरकीपर बॅटरी घेऊन यायचा आणि बरोबर पायापुढे उजेडाचा ठिपका टाकायचा. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये बॅटरी असते आणि ती बरोबर माझ्या तोंडावर पडते.

माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ होते. त्यांनी फोन काढला. त्याचा उजेड असा, की पडद्यावरच्या खुन्यालाही सावध व्हावं. वर ते हळू आवाजात कुणाला तरी सांगत होते, "हां, पिक्चरला आलोय. नाही नाही, बोल ना, बिझी नाहीये." मी थोडा वेळ सोसलं. मग त्यांच्याकडे झुकून, सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं यावर माझे विचार त्यांना ऐकवले. चांगले विचार होते. ते बिचारे ओशाळले, फोन बंद करून ठेवला. पडद्यावर अंधार, पावलं न वाजवता कुणीतरी जिना चढतंय, सुरीचं पातं चमकलं, थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि माझ्या खिशात कोंबडा आरवला.

तो कोंबडा चिरंजीवांनी मागच्या आठवड्यात गंमत म्हणून घातला होता. मी फोन काढेपर्यंत तीनदा आरवला. घाईत चुकून उचलला गेला आणि एका गोड बाईचा आवाज घुमला, "सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्हड लोन आहे." पुढच्या रांगेतून कुणीतरी खुन्याला ओरडून सांगितलं, "पहाट झाली रे, पळ!" डावीकडचे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

उजवीकडे आत्यानं एव्हाना तपास सुरू केला होता.

"वकिलानं मारलंय."

"आत्या, हळू. आणि अजून वीस मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

"मयताच्या घरात बूट घालून सैपाकघरापतोर गेला. असला माणूस काय बी करंल. आणि ती बायको बघ. एवढी रडती, काजळ जरा तरी हललंय काय?"

मी बघितलं. नव्हतं हललं. मागून "शूऽऽ" असं आलं. आत्यानं मागे वळून त्या पोराला सांगितलं, "तुला बी सांगतो बाळा, गडबड करू नको. काजळ बघ." नवा डोळा सगळं टिपत होता. भागीदाराच्या शर्टाचं बटण मघाशी वरचं उघडं होतं, आता खालचं. टेबलावरची केळी आधी सहा होती, मग पाच, नंतर पुन्हा सहा. त्यातलं सहावं केळं हा पुरावा आहे की दिग्दर्शकाचा गलथानपणा, यावर मागच्या रांगेत हलक्या आवाजात चर्चा सुरू झाली. शूऽऽ बंद झालं होतं. भडंगाचा डबा उघडला होता. भडंग न वाजवता खायची एकच रीत आहे, ती म्हणजे पडद्यावर गोळीबार चालू असताना खाणं. या सिनेमात गोळीबार कमी होता. आत्या प्रत्येक गोळीची वाट बघत, मूठ तोंडाजवळ धरून बसली होती.

मध्यंतरात मला कॉफी आणायला पाठवलं. चार पेल्यांचा ट्रे घेऊन अंधारात शिरलो, रांग मोजली, बसलो. उजवीकडे आत्यासारखीच कुणीतरी पदर घेतलेली बाई. गोष्ट मध्यंतरानंतर एकदम पंजाबात गेली होती. शेतं, ट्रॅक्टर, फाळणीची बोलणी. मी म्हणालो, फ्लॅशबॅक असेल, वकिलाचं बालपण. चांगला रंगला होता. आठ-दहा मिनिटांनी शेजारच्या बाईंनी विचारलं, "ए कॉफी तमे कोना माटे लाव्या?" तेव्हा कळलं की मी तीन नंबरच्या पडद्यासमोर बसलोय. खरं सांगायचं तर तोच सिनेमा बरा होता.

चार नंबरला परत आलो तेव्हा गोष्ट टोकाला आली होती. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं. तो एकेकाच्या समोरून चालत गेला, थांबला, वळला, म्हणाला, "खूनी इसी कमरे में है. और उसका नाम..."

आणि चित्र गोठलं. इन्स्पेक्टर आ वासून तसाच.

लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी हे आठवड्यातून दोनदा व्हायचं. फिल्म अडकायची, मधोमध एक तपकिरी डाग उमटून पसरायचा आणि पडदा पांढरा. दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट असली की रिळांचे डबे सायकलवरून इकडून तिकडे न्यायचे. पोराची सायकल पंक्चर झाली की नायिका तिकडेच अडकून पडायची. छत पत्र्याचं, त्यामुळे जुलैत लागलेले सिनेमे आम्ही सगळे मूकपट म्हणून बघितले. खुर्चीत ढेकूण, पंख्याखालच्या जागेसाठी मारामारी. पण फिल्म तुटली की अख्खं थिएटर एका आवाजात मागच्या भोकाकडे तोंड करून ऑपरेटरच्या घराण्याचा उद्धार करायचं. आणि तो आतून तसंच उत्तर द्यायचा. त्यात सगळ्यांचंच बरं चालायचं.

इथे मी मागे वळून बघितलं. भिंतीत काचेची खिडकी होती, आत निळसर उजेड होता, माणूस नव्हता. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो नाहीतर उपग्रहावरून उतरतो. त्याला कुलूप असतं, त्या कुलपाची किल्ली म्हणजेही एक फाइलच, आणि ती दिलेल्या तारखांपुरतीच चालते. मग सगळं आपोआप. आपोआप चालणारं आपोआप बंद पडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? एकानं शिट्टी मारायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. बाकीच्यांनी फोन काढले आणि अंधारात बसल्या बसल्या थिएटरला एकेक तारा दिला. ब्लेझर घातलेला एक मुलगा आला, "टेक्निकल इश्यू आहे, टीम बघतेय," म्हणून गेला. टीम कुठल्या गावाहून बघत होती कोण जाणे.

पाच मिनिटं झाली. आत्या इन्स्पेक्टरच्या उघड्या तोंडाकडे निरखून बघत होती. "खालची दाढ किडल्या," म्हणाली.

मागून ओठ चावणारं पोर पुढे वाकलं. "आजी, पुढे काय होणार?"

"आता काय व्हायचं ऱ्हायलंय?" आत्यानं दुसरं बटण दाबलं, ती ताठ झाली आणि सुरू झाली. वकिलानं मृत्युपत्र बदललं होतं. बायकोला ते ठाऊक होतं, पण वकिलानं तिलाही फसवलं, कारण त्याचं खरं लग्न सांगलीला झालेलं. हे सगळं स्वयंपाकिणीला पहिल्या रात्रीच कळलं, कारण वकिलानं जेवताना मीठ मागितलं. ज्याच्या मनात खून आहे त्याला आमटी अळणी लागते. ती गप्प राहिली, कारण तिच्या पोरीचं लग्न व्हायचं होतं. आणि उद्योगपतीनं ते घर आधीच तिच्या नावावर केलं होतं, कारण तीस वर्षांत ह्या एकाच बाईनं त्याला 'जेवलासा काय' म्हणून विचारलं होतं.

पुढच्या तीन रांगा वळून बसल्या होत्या. भडंगाचा डबा हातोहात खाली उतरत गेला. माझी पॉपकॉर्नची बादली मी लोकांपुढे धरत होतो, ती कुणी घेत नव्हतं. डावीकडचे गृहस्थ डोळे पुसत होते. "मग पोरीचं लग्न झालं का हो?" त्यांनी विचारलं.

"झालं की. वाठारला दिली."

टाळ्या पडल्या. आणि नेमका तेव्हा सिनेमा सुरू झाला. इन्स्पेक्टरनं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि खरा खुनी सांगितला. उद्योगपतीचा जुळा भाऊ. जो अख्ख्या सिनेमात एकदाही आला नव्हता, तो पडद्यामागून हसत बाहेर आला. थिएटरात कुणी काही बोलेना. मग पुढून मघाचाच आवाज आला, "आजी, तुमचाच घ्या हो."

थिएटरात शिरताना लाल गालिचा, मंद दिवे, दारात नमस्कार करणारी मुलगी. बाहेर पडताना मात्र एक लोखंडी दार ढकलायचं, सिमेंटचा जिना उतरायचा आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी निघायचं. पैसे देऊन झालेल्या माणसाला जगात असंच बाहेर काढतात. आम्ही तिथे पोचलो, डोळे किलकिले करून आपण कुठल्या बाजूला आलोय त्याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात आत्या म्हणाली, "डबा ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे गं, मी दुसरा आणतो."

"डबा हाय त्यो. स्टीलचा. नाव घातल्यालं हाय त्येच्यावर."

परत पुढच्या बाजूनं सरकत्या जिन्यावरून वर. भाचा ड्यूटीवर होताच. त्यानं आत निरोप धाडला, डबा आला. दहा-बारा रांगांतून फिरूनही तळाला मूठभर शिल्लक होतं, यावरून आमच्या शहरातल्या लोकांच्या संकोचाची कल्पना यावी. आत्यानं ते भाच्याच्या हातावर ओतलं. पलीकडे पुढच्या शोची रांग लागली होती. चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात बादली.

"कसा हुता पिच्चर, मावशी?" तोंड भरलेलं असतानाच त्यानं विचारलं. "आमी रोज दारात, पण आत काय बघायला मिळत न्हाई. रविवार सोडून सुट्टी घेतलीया, मंगळवारी बायकोला घेऊन येणार हाय. शेवट सांगू नका हं."

"न्हाई रं. मी काय सांगतोय? गप ऱ्हातो बघ."

आणि आत्या खरंच गप्प राहिली. तोंड घट्ट मिटून, डबा छातीशी धरून, आमच्या मागोमाग सरकत्या जिन्यावर चढली. जिना आम्हाला घेऊन खाली निघाला. मी मनात म्हणालो, आज सत्तर वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या पायरीवर तिचा श्वास जोरजोरात यायला लागला. सातव्या पायरीवर तिनं माझा दंड धरला. मग ती मागे वळली, टाचा उंचावल्या आणि सगळ्या मॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, वरच्या त्या अख्ख्या रांगेच्या डोक्यावरून ओरडली,

"जुळा भाऊ हाय रं भाच्या! बायकोला आणू नको, पैसं वाचीव!"

वर एकदम कल्लोळ झाला. कठड्यावरून चाळीस-पन्नास तोंडं खाली वाकली. कुणीतरी मारलेली पॉपकॉर्नची मूठ आमच्या अंगावर आली. आणि सरकत्या जिन्यावर पळता येतं की नाही, हे त्या दिवशी मला नीट कळलं.